बोंडूचा वास ग्लासात: हुर्राक आणि फेणी चाखण्याची एक संध्याकाळ

दर एप्रिलला पुण्या-मुंबईचे पाहुणे आमच्या फोंड्याच्या घरी येतात, आणि त्यांच्यातला एक तरी जण फेणीचा ग्लास नाकाशी नेऊन झटक्यात लांब करतो. "वहिनी, हा वास काही सहन होत नाही." मी विचारते, आधी कुठे प्यायला होतात? उत्तर बहुधा एकच असतं: कॉलेजच्या ट्रिपला, शॅकवर, कोमट, काठोकाठ भरलेला ग्लास, तोही एका दमात. अशी प्यायली तर कुठलीच चांगली दारू सहन होणार नाही.

फेणीत जे काही आहे ते त्या वासातच आहे. तो झाकण्यासाठी लोक वरून बाटलीभर गोड सोडा ओततात आणि मग म्हणतात, यात काही दम नाही. गेली काही वर्षं मी पाहुण्यांसाठी एक संध्याकाळ नीट आखते. आधी तीन ग्लास नुसते चाखायचे, मग दोन-तीन पेयं आपल्या हाताने बनवायची, सोबत मोजकं खाणं. एकदा ही संध्याकाळ घालवलेला माणूस पुढच्या वर्षी फोन करून विचारतो, "हुर्राक सुरू झाली का?" हुर्राक म्हणजे फेणीच्या आधीच्या धारेची, फक्त मोसमात मिळणारी हलकी दारू. तुम्ही सुट्टीला गोव्यात असाल, राहत्या जागी ओटा आणि फ्रिज असेल, तर तुम्हालाही हे सहज जमेल. पूर्ण रीत सांगते.

आधी दोन गोष्टी. गोव्यात मद्य घेण्याचं वय २१ आहे. आणि हा बेत घरात किंवा अंगणातच करा. समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर बसून पिणं इथे दंडाचं काम आहे.

बाटलीत काय आहे

हे समजल्याशिवाय चाखण्यात मजा नाही, म्हणून थोडं थांबते.

माझं सासर गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं, वाळपईच्या बाजूचं. मार्चमध्ये तिथे डोंगरउतारावर पाय ठेवला की वाऱ्यावर एकच वास असतो, पिकलेल्या बोंडूचा, म्हणजे काजूच्या बीला जोडलेल्या रसाळ फळाचा. थोडा अननस, थोडा फणस, थोडा आंबूस. बोंडू झाडावरून तोडत नाहीत. तो पिकून आपण होऊन गळला पाहिजे, तरच त्यात पुरेशी साखर असते. सकाळी उन्हं चढायच्या आत सगळे बागेत जातात. काठीच्या टोकाला खिळा लावलेला असतो, त्याने बोंडू टोचून उचलायचा, पीळ देऊन बी काढायची, बी एका टोपलीत, बोंडू दुसरीत. फळ इतकं नाजूक की दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. म्हणून बोंडू शहराच्या बाजारात फारसा दिसत नाही, आणि म्हणूनच भट्टी बागेतच असते.

मग ते दगडी कुंडीत पायांनी तुडवतात. आता बऱ्याच ठिकाणी त्यासाठी यंत्र असतं. उरलेल्या चोथ्याचा गोल ढीग रचून, वेलींनी आवळून, वर जड दगड ठेवतात. त्यातून थेंब थेंब गळतो तो निरो. तो ताजा असताना त्यात दारू नसते. लहान मुलंही पितात. गोड, किंचित तुरट, घशाला हलकेच खवखवणारा. मोसमात गोव्यात असाल तर सकाळीच मिळवा, दुपारनंतर तो आंबायला लागतो.

तुडवून काढलेला रस मडक्यांत साधारण तीन दिवस ठेवतात. बाहेरून काही घालत नाहीत, फळावरचं यीस्टच काम करतं. आंबलेला रस तांब्याच्या भाणात, म्हणजे भट्टीवरच्या भांड्यात, उकळतो, वाफ नळीतून थंड पाण्यातून जाते आणि पहिल्या धारेला जे मिळतं ते हुर्राक. हीच हुर्राक परत आंबलेल्या रसात मिसळून दुसऱ्यांदा भट्टीला लावली की फेणी. नाव फेसावरून पडलं. ग्लासात उंचावरून ओतली की कडेला बारीक बुडबुड्यांची माळ धरते, आणि जुने भट्टीवाले ती माळ किती वेळ टिकते त्यावरून जोर सांगतात. जोर मोजायचं त्यांचं माप 'ग्राव', पोर्तुगीज काळातलं. बाटलीवर मात्र तुम्हाला टक्के दिसतील. चांगल्या काजू फेणीवर बहुधा ४२.८ टक्के असतं. हुर्राक त्याहून बरीच सौम्य असते, आणि म्हणूनच ती फसवते. सरबतासारखी घशाखाली उतरते आणि उठताना कळतं.

काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. त्याआधी इथे माड होता. माडाची सूर, म्हणजे माडी, काढून तिची फेणी करतात, ती दक्षिण गोव्यात जास्त चालते. वासाला काजूपेक्षा मवाळ, जिभेवर थोडी खोबऱ्याच्या अंगाची. तिसरा प्रकार दुकशिरी. फेणी गाळताना तिच्यात अनंतमुळाची मुळं घालतात. ती बाटली उघडली की आजीच्या औषधाच्या डब्याचा वास येतो, आणि मी हे कौतुकाने म्हणतेय.

काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भारतातल्या कुठल्याही दारूला मिळालेलं ते पहिलं. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. तोपर्यंत कायद्याच्या भाषेत ती नुसती 'देशी दारू' होती. ज्या पेयासाठी अख्खं गाव दोन महिने डोंगरात राबतं, त्याला हा मान मिळायला इतकी वर्षं लागली याचं मला अजून वाईट वाटतं.

खरेदी

परवानाधारक दुकानातूनच घ्या. बाटली काचेची, सीलबंद, लेबलवर उत्पादकाचं नाव, टक्केवारी आणि 'काजू फेणी' असं स्पष्ट लिहिलेलं. रस्त्याकडेला पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून मिळते ती नवख्याने घेऊ नये. त्यातली काही अस्सल, घरच्या भट्टीची असते हे मला माहीत आहे. पण ओळखायचं कसं? एका वर्षी घाईत मीच अशी बाटली घेतली होती. तळहातावर दोन थेंब घेतले, वास आला जळक्या साखरेचा आणि मागून स्पिरिटचा. बोंडूचा मागमूस नाही. ती सगळी मोरीत ओतली.

तळहाताची ही परीक्षा शिकून घ्या. दोन-तीन थेंब तळहातावर घ्यायचे, दुसऱ्या हाताने जोरात चोळायचे, दहा सेकंद थांबायचं. अल्कोहोल उडून जातं आणि राहतो तो फळाचा वास. अस्सल काजू फेणी असेल तर हात कितीतरी वेळ बोंडूचा वास देतो. काहीच उरलं नाही किंवा नुसतं गोड-गोड एसेन्ससारखं उरलं, तर बाटली वापरू नका.

सहा जणांसाठी माझी यादी अशी असते. काजू फेणीची ७५० मिलीची एक बाटली, माडाच्या फेणीची मिळेल ती लहान बाटली, आणि मोसम असेल तर हुर्राकची एक. हुर्राक मार्च ते मे एवढीच. वर्षभर कोणी 'हुर्राक' विकत असेल तर जरा सावध. मग १२ लिंबं, ४ शहाळी, कोकम आगळाची एक बाटली, पाव किलो माडाचा गूळ (तो नाही मिळाला तर साधा गडद गूळ), ५-६ हिरव्या मिरच्या, साध्या सोड्याच्या ६ बाटल्या, लिम्काच्या २, आणि निदान ३ किलो बर्फ. बर्फ लोक नेहमी कमी आणतात. कमी बर्फ लवकर वितळतो आणि पेय पाणचट होतं. भरपूर बर्फ घातला तर ते थंडही राहतं आणि घट्टही.

फेणी एवढी संपणार नाही, आणि संपवायचीही नाही. ४२.८ टक्क्यांच्या फेणीचा ३० मिलीचा पेग म्हणजे जवळजवळ १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. माझ्या आखणीत चाखणं आणि दोन पेयं धरून एका माणसाला साधारण अडीच ते सव्वातीन पेग होतात. तीन तासांत, जेवणासह. यापुढे गेलं की नाक काम करत नाही आणि मग काय प्यायलो याला अर्थ उरत नाही.

सकाळची तयारी

ही तीन कामं सकाळी उरका.

दोन शहाळ्यांचं पाणी गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये ओता आणि फ्रिजरला लावा. संध्याकाळी हेच बर्फाचे खडे पेयात पडले की वितळतानाही चव पातळ होत नाही.

गुळाचा पाक: १०० ग्रॅम किसलेला गूळ, १०० मिली पाणी, मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंतच. उकळी नको, तार नको. गाळून घ्या, कारण माडाच्या गुळात बारीक कचरा असतो. गार झाल्यावर फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. साखरेचा पाक मी या पेयांना वापरत नाही. फेणीच्या मागे जो किंचित धुरकट, भाजका पदर असतो तो गुळाबरोबर खुलतो, साखरेत विरून जातो.

मिठाचं पाणी: एक चमचा मीठ चार चमचे पाण्यात विरघळवून लहान बाटलीत ठेवा. पेयात याचे दोन-तीन थेंब. खारट लागायला नको. नुसता लिंबाचा आंबटपणा आणि फळाचा वास वर यायला हवा. चिमटीने मीठ घातलं तर ते तळाशी बसतं आणि शेवटचा घोट खारट होतो.

फेणीची बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. फार थंड झाली की वास मिटतो. पण एप्रिलच्या उकाड्यात ती नुसती टेबलावरही नको, भपका येतो. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी तासभर ठेवा. तेवढा गारवा पुरतो.

पहिला तास: तीन ग्लास

प्रत्येकासमोर तीन लहान ग्लास. पोटात रुंद आणि तोंडाशी निमुळता ग्लास असेल तर उत्तम, नसेल तर चहाचे लहान काचेचे ग्लास चालतात. स्टील नको, स्वतःचा वास देतं. टेबलावर उदबत्ती नको, कोणी अत्तर लावलेलं नको, आणि मासे तळणं या तासानंतर. शेजारी साधं पाणी आणि एक ड्रॉपर किंवा लहान चमचा.

ग्लासांखाली कागदाचे तुकडे ठेवून १, २, ३ लिहा. एकाने दुसऱ्या खोलीत जाऊन ओतायचं. प्रत्येकात १० मिली, म्हणजे दोन चहाचे चमचे. एकात हुर्राक, एकात काजू फेणी, एकात माडाची फेणी. कुठल्या आकड्याखाली काय आहे हे ओतणाऱ्यालाच माहीत. माहीत नसताना वास घेतला की माणूस खरं बोलतो. बाटली बघितली की ऐकीव बोलतो.

आता ग्लास छातीपाशी धरा, नाकाशी नाही. तिथूनच वास येऊ द्या. मग हळूहळू हनुवटीपर्यंत आणा. तोंड किंचित उघडं ठेवून नाकाने हलका श्वास घ्या. तोंड बंद ठेवून जोरात हुंगलं की अल्कोहोलचा चटका बसतो आणि पाच मिनिटं काहीच कळत नाही. जे "वास सहन होत नाही" म्हणतात, त्यातले निम्मे इथेच चुकलेले असतात. काय आठवलं ते बोला. इथे चूक-बरोबर काही नाही. आमच्याकडे आजवर पिकलेला फणस, अननसाची साल, कच्च्या काजूचा चीक, उन्हात तापलेलं गवत, लोणच्याची बरणी, आणि एका काकूंकडून "आमच्या वाड्यातली परसदारची बाजू" एवढं निघालं आहे. शेवटचं उत्तर मला सगळ्यात नेमकं वाटलं.

मग एवढासा घोट, चमचाभरसुद्धा नाही. जिभेवर पसरू द्या, तीन-चार सेकंद, मग गिळा आणि नाकाने श्वास सोडा. फेणीचा खरा वास या परत येणाऱ्या श्वासात आहे.

आता गंमत. फेणीच्या दोन्ही ग्लासांत चार-पाच थेंब पाणी घाला, हलकेच फिरवा आणि परत वास घ्या. पाण्याने अल्कोहोलची पकड सैल होते आणि त्यात विरघळलेली सुगंधी द्रव्यं वर येतात. मघाशी जिथे नुसता झणका होता तिथे आता फळ आहे. पाहुण्यांचे चेहरे बघायचे ते या क्षणाला. मग आणखी थोडं पाणी घाला, जवळजवळ फेणीइतकं होईपर्यंत. कुठल्या टप्प्यावर तुम्हाला सगळ्यात आवडली ते लक्षात ठेवा. पुढची पेयं त्याच अंदाजाने पातळ-घट्ट करायची आहेत.

हुर्राकमध्ये पाणी घालू नका, ती आधीच हलकी आहे.

शेवटी प्रत्येकाने आपलं उत्तर कागदावर लिहायचं आणि मग ओतणाऱ्याने गुपित फोडायचं. हुर्राक बहुतेकांना ओळखू येते. काजू आणि माड यांची अदलाबदल जवळजवळ नेहमी होते, आणि ज्याने आयुष्यात कधी फेणी घेतलेली नाही तोच पुष्कळदा जिंकतो.

इथे खायला भाजलेले काजू आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे एवढंच. तिखट काही नको.

मग पेयं

चार देते. सगळी एका रात्रीत करू नका, प्रत्येकाने दोन निवडावीत. मापासाठी औषधाच्या बाटलीचं झाकण किंवा खुणांचा कप असतो तो वापरा. ओतताना हात नेहमी सैल सुटतो.

*हुर्राक, गावात पितात तशी.* उंच ग्लास, तीन-चतुर्थांश बर्फ. अर्ध्या लिंबाचा रस, मिठाच्या पाण्याचे चार थेंब, आणि एक हिरवी मिरची देठापासून टोकापर्यंत उभी चिरून. बिया राहू द्या, पण मिरची चुरडू नका. वर ६० मिली हुर्राक. आता दोन मिनिटं थांबा. मिरचीचा हिरवा वास हुर्राकमध्ये उतरायला तेवढा वेळ लागतो, आणि जास्त ठेवली तर वास जाऊन नुसता जाळ राहतो. मग अर्धी लिम्का आणि अर्धा सोडा, मिळून १२० मिली. नुसती लिम्का हा इथला रिवाज आहे आणि त्याला माझा विरोध नाही, पण निम्मा सोडा घातला की बोंडू जास्त कळतो. मिरची पहिल्या चार घोटांनंतर काढून टाका. हे दुपारचं पेय आहे, झाडाखालचं. संध्याकाळी करायचं तर पहिलं हेच करा.

*शहाळ्यातली फेणी.* सगळ्यात सोपं, आणि फेणी कधीच न आवडलेल्यांना मी हेच देते. ३० मिली काजू फेणी, १२० मिली शहाळ्याचं पाणी, लिंबाचा रस एक चमचा, मिठाचे दोन थेंब, आणि सकाळी जमवलेले शहाळ्याचे बर्फाचे खडे. ढवळायचं फक्त, हलवायचं नाही. शहाळं कोवळं घ्या, आत पातळ साय असलेलं. जून नारळाचं पाणी तेलकट लागतं. शहाळ्यातच करून द्यायचं असेल तर पाणी आधी काढून घ्या, मोजून मिसळा आणि परत आत ओता. सरळ शहाळ्यात फेणी ओतली तर कोणाला किती गेली याचा हिशोब राहत नाही, आणि या पेयात फेणी अजिबात चढल्यासारखी वाटत नाही.

*कोकम-फेणी.* आमच्या घरचं आवडतं. इथे आगळ हवं, अमृत कोकम नाही. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला दाट रस, ज्याची सोलकढी करतो तो. अमृत कोकम गोड सरबतासाठीचं. दोन्हींच्या बाटल्या दुकानात शेजारी शेजारी असतात आणि दरवर्षी कोणीतरी चुकीची आणतं. आणलीच चुकीची, तर गुळाचा पाक वगळा आणि लिंबू पिळा. ३० मिली काजू फेणी, १० मिली आगळ, १५ मिली गुळाचा पाक, बर्फ, हलवून ग्लासात ओता आणि वर ९०-१०० मिली सोडा. लिंबू लागत नाही, आंबटपणा कोकमाचाच पुरतो. मीठही नको, आगळात आहे. वर चिमूटभर भाजलेली जिरेपूड. प्रत्येक कंपनीच्या आगळाचा खारटपणा वेगळा, म्हणून पहिला ग्लास ५ मिली आगळाने सुरू करा, चाखा, मग वाढवा. रंग असा येतो की पावसाळ्याच्या तोंडावरचं आभाळ. दुकशिरी मिळाली असेल तर ती इथे वापरून बघा. अनंतमूळ आणि कोकम ही जोडी माझ्या मते या सगळ्या लेखातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

*गूळ-लिंबू फेणी.* हे कॉकटेल म्हणण्यासारखं, थोडं कसबाचं. ४५ मिली काजू फेणी, २० मिली ताजा लिंबाचा रस, २० मिली गुळाचा पाक. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची लोणच्याची बरणी घ्या, लोणच्याचा वास पूर्ण गेलेली. तिच्यात हे सगळं आणि मूठभर बर्फ, झाकण लावून फडक्यात धरा आणि पंधरा सेकंद जोरात हलवा. बरणीबाहेर दव धरलं की झालं. या हलवण्यात साधारण चौथाई पाणी वितळून मिसळतं आणि ते हवंच आहे, त्याशिवाय पेय बोचतं. चहाच्या गाळणीतून लहान ग्लासात गाळा, आत बर्फ नको. वर लिंबाच्या सालीचा तुकडा चिमटीत दाबून तेलाचा फवारा उडू द्या. लिंबाचा रस आयत्या वेळी काढा. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळपर्यंत कडवट होतो. यात दीड पेग आहे, म्हणून हे घेतलं तर दुसरं पेय शहाळ्याचं हलकं घ्या.

जे पीत नाहीत त्यांना पाण्याचा ग्लास देऊन कोपऱ्यात बसवू नका. कोकम, गूळ, सोडा, जिरेपूड हे फेणीशिवायही पूर्ण पेय आहे. मोसमात निरो गार करून द्या, लिंबू आणि मीठ घालून. गाडी चालवणाऱ्याला, गरोदर बाईला, आणि औषधं चालू असणाऱ्याला आग्रह करायचा नाही. "सर्दीला फेणी चांगली" हे आमच्याकडे घरोघर सांगतात. ते सांगणारे प्रेमाने सांगतात, पण औषध म्हणून फेणी मी कोणाला देत नाही.

ताटात काय

पेयं सुरू झाली की मासे तळायला घ्या. रव्यात घोळवलेला बांगडा आणि कोकम-फेणी यांचं जमतं, कारण बांगड्याच्या तेलकटपणाला कोकम कापतं. मीठ-तिखट लावलेल्या कैरीच्या फोडी हुर्राकबरोबर. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजू मिळाले तर त्यांची उसळ आणि पाव, म्हणजे एकाच झाडाची बी ताटात आणि बोंडू ग्लासात. शेवटी भात आणि सोलकढी. पोट रिकामं ठेवून यातलं काहीही करू नका.

पेयांच्या मधे दर वेळी एक पूर्ण ग्लास पाणी. आमच्याकडे तांब्या टेबलाच्या मधोमध असतो आणि तो रिकामा झाल्याशिवाय पुढचा बर्फ निघत नाही.

उरलेलं

फेणी काचेतच ठेवा, झाकण घट्ट, उन्हापासून लांब. जुन्या घरांत ती वेताने विणलेल्या मोठ्या काचेच्या गराफांत वर्षानुवर्षं राहते आणि मऊ होत जाते. हुर्राक मात्र साठवायची गोष्ट नाही. तिचा ताजेपणा हळूहळू जातो, म्हणून पावसाआधी संपवा.

परत जाताना बाटल्या गाडीत टाकून निघू नका. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं हा गुन्हा आहे, आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. नेणं शक्य आहे का, किती आणि कुठल्या परवान्यावर, हे अबकारी खात्याकडे आधी विचारा. उरलेली बाटली इथल्या एखाद्या ओळखीच्या घरी ठेवून जाणं सगळ्यात सोपं. आमच्या कपाटात पुण्याच्या तीन कुटुंबांच्या बाटल्या नावं लिहून ठेवलेल्या आहेत.

आणि ज्या ग्लासात नुसती काजू फेणी चाखली तो एक ग्लास रात्री धुऊ नका. वर बशी झाकून ओट्यावर ठेवा. सकाळी चहाच्या आधी बशी उचलून वास घ्या. अल्कोहोल गेलेलं असतं आणि ग्लासाच्या तळाशी नुसता बोंडू असतो, मार्चमधल्या सत्तरीच्या उताराचा.